अडचणीच्या जागेतली बॅटरी

प्रश्न : माझ्या गाडीची बॅटरी बॉनेटखाली कोपऱ्यात इतकी दाटीने बसली आहे की हात नीट आत जात नाही. ती सुरक्षितपणे कशी काढावी?

उत्तर : इंजिन बंद करून आधी ऋण टोकाची आणि मगच धन टोकाची वायर सोडवावी, कारण ऋण वायर जोडलेली असताना धन टोकावरचा पाना शेजारच्या पत्र्याला टेकला, तर शॉर्टसर्किट होऊन ठिणग्या उडतात, आणि अरुंद जागेत पाना टेकतोच. बॅटरीला जागी घट्ट धरणाऱ्या, बुडाशी असलेल्या पट्टीचा बोल्ट खोल असल्यास सॉकेट पान्याला लांब एक्स्टेन्शन (जोडदांडा) लावावे. एअर फिल्टरचा डबा आड येत असेल, तर तो आधी उतरवाच; हा वेळ कंबर वाचवतो. 15 किलोंचे ओझे वाकून, हात लांबवून उचलू नये. उचलपट्टा लावून बॅटरी सरळ वर घ्यावी; ती कलली, तर झाकणाच्या छिद्रांतून आम्ल ओघळू शकते.