जुन्या मोनो रेकॉर्डसाठी कोणतं कार्ट्रिज घ्यावं?

आजोबांच्या मोनो (एकाच चॅनेलचा आवाज असलेल्या) एलपी आणि लाखेच्या ७८ आरपीएम (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्या, दोन्ही आहेत म्हणता, तर दोन्हींना एकच सुई लावू नका. (कार्ट्रिज म्हणजे सुई धरणारा आणि तिची हालचाल विजेच्या संकेतात बदलणारा छोटा भाग.) एलपीची खाच बारीक, तिला टोकाची त्रिज्या १८ ते २५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असलेली सुई पुरते. ७८ ची खाच चांगलीच रुंद, तिला ६५ ते ७५ मायक्रॉनची लागते. एलपीची सुई तिथे तळाला घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते.

मोनो खाचेत गाणं फक्त आडव्या हालचालीत कोरलेलं असतं. स्टिरिओ (डाव्या-उजव्या दोन चॅनेलचं) कार्ट्रिज उभी हालचालही टिपतं, आणि त्या उभ्या हालचालीत नुसती धूळ, ओरखडे, झीज. मोनो कार्ट्रिज ती सोडून देतं. आवाज इतका स्वच्छ होतो की गायकाचा श्वास वेगळा कळतो.

मी एलपीसाठी ऑर्टोफोन कंपनीचं २एम मोनो आणि तबकड्यांसाठी २एम ७८ घेईन. एलपी मोजक्याच असतील तर आधी अ‍ॅम्प्लिफायरचं मोनो बटण दाबून बघा, बराच फरक तिथेच पडतो. १९५० च्या दशकातलं जुनं मोनो कार्ट्रिज स्वस्तात मिळालं, तरी त्यावर स्टिरिओ रेकॉर्ड अजिबात लावू नका. त्याची सुई वर-खाली लवत नाही, खाच कायमची खराब होते.