माजी विद्यार्थी मुलाखत घेणार म्हणजे नेमकं काय?

ताई, नमस्कार. तुमच्या लेकीला बारावीनंतर अमेरिकेत शिकायचंय, अर्ज गेलेत आणि आता एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्याची ‘झूमवर बोलूया’ अशी मेल आलीय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: या मुलाखतीला वजन किती, काउन्सेलर सांगतोय तो पंचवीस हजारांचा क्लास लावायचा का, आणि बाबा कॅमेऱ्यात न दिसता शेजारी बसले तर चालेल का. मी इथेच बीएस केलं, न्यू जर्सीत राहते आणि माझ्या कॉलेजसाठी भारतातल्या मुलांच्या मुलाखती घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबांचं आधी सांगते. नको. मुलीची नजर सारखी एका बाजूला जायला लागली की समोरच्याला कळतंच, आणि ‘ऑलिंपियाडचं सांग ना’ ही कुजबुज लॅपटॉपचा माइक बरोब्बर टिपतो. तेवढा वेळ त्यांना भाजी आणायला पाठवा.

क्लासही नको. पाठ केलेली उत्तरं दोन मिनिटांत ओळखू येतात आणि मग माझं काम अवघड होतं, कारण कॉलेजला पाठवायच्या अहवालात लिहायला काही उरतच नाही.

आता वजनाचं. व्हिसाच्या मुलाखतीत समोरचा अधिकारी हो-नाही ठरवतो. इथे तसं नाही. माझ्यासारखे लोक हौसेने, बिनपगारी हे काम करतात. मुलीचे मार्क, निबंध, शिफारसपत्रं आम्हाला दाखवत नाहीत. नाव, शाळा, संपर्क आणि फार तर आवडीचा विषय एवढंच हाती येतं. बोलणं झालं की एक फॉर्म भरायचा, एक-दोन परिच्छेद लिहायचे, ते तिच्या फाइलीत जातात. फाइल वाचणारे आणि ठरवणारे दुसरेच. आशियाई वंशाच्या मुलांना प्रवेशात डावलतात, असा आरोप करणाऱ्या हार्वर्डवरच्या खटल्यात हे चव्हाट्यावर आलं होतं. 2018 साली सुनावणी झाली तेव्हा दिसलं, की माजी विद्यार्थ्यांनी आशियाई वंशाच्या अमेरिकन मुलांना व्यक्तिमत्त्वासाठी दिलेले गुण गोऱ्या मुलांच्या जवळपास होते. अ‍ॅडमिशन ऑफिसने त्याच गोष्टीसाठी दिलेले गुण मात्र कमी, आणि त्यांनी यातल्या बहुतेक मुलांना पाहिलंही नव्हतं! तेव्हा समोरचा खूश झाला म्हणजे काम झालं, असं समजू नका.

या प्रथेचा इतिहासही फार सोज्वळ नाही. 1920च्या दशकात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांना ज्यू मुलांची वाढती संख्या खुपत होती. नुसत्या मार्कांवर त्यांना अडवता येईना, म्हणून ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ बघायची टूम निघाली आणि मुलाखती त्याच लाटेत रुजल्या. आज बऱ्याच ठिकाणी त्यांचं महत्त्व उतरलंय. कोलंबियाने त्या बंद केल्या, ब्राउन त्याऐवजी छोटा व्हिडिओ मागवतं, कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं मुलाखतीच्या भानगडीत पडतच नाहीत. एमआयटी, हार्वर्ड, प्रिन्स्टनमध्ये अजून होतात, पण माजी विद्यार्थी उपलब्ध असेल तरच. मैत्रिणीला मेल आली आणि हिला नाही, असं झालं तर रात्र जागवू नका. मुलाखत न झाल्याने नुकसान होत नाही, असं ही कॉलेजं स्वतःच सांगतात.

पुढचं लेकीलाच वाचायला द्या.

बाळा, यादी वाचू नकोस. मागे एका मुलाने (तपशील थोडे बदलून सांगते, कारण हे बोलणं गोपनीय असतं) पहिली वीस मिनिटं प्रमाणपत्रांत घालवली. मी सहज विचारलं, रविवारी काय करतोस? म्हणाला, काकांच्या दुकानात पंपाच्या जळलेल्या मोटारी रिवाइंड करतो. मग जो सुटला! जुनी कॉइल कापताना वेढे मोजून वहीत लिहायचे, तारेचं गेज, म्हणजे जाडी, मोजायचं, आणि गिऱ्हाइकाला घाई आहे म्हणून व्हार्निश अर्धवट वाळवलं तर तीच मोटार महिन्याभरात परत येते. इंग्रजी अडखळत होतं, पण मला विचारावंसं वाटणारं प्रत्येक ‘का?’ त्याने आधीच स्वतःला विचारलेलं होतं. माझा अख्खा अहवाल त्या मोटारीवर झाला. तुझ्याकडेही असं काहीतरी असेलच, आणि ते बहुधा तुझ्या बायोडेटात नसेल.

‘आमचंच कॉलेज का?’ हे विचारतीलच. त्यावर रँकिंग सांगू नकोस, समोरच्याला ते पाठ असतं. एखादा कोर्स, एखादी लॅब, तिथे जाऊन काय करून बघायचंय ते सांग. शेवटी तुला प्रश्न विचारायला सांगतील, तेव्हा वेबसाइटवर मिळेल ते विचारू नकोस. पहिल्या हिवाळ्यात कसं निभावलं, हे विचार. त्यावर आम्ही लोक अर्धा तास बोलतो.

इंटरनेट घरी नीट नसेल तर आदल्या दिवशी सांग, वेळ बदलून देतात. मुलाखत प्रत्यक्ष ठरली तर कॅफे, लायब्ररी अशा चारचौघांच्या जागीच भेट. साधे नीटनेटके कपडे पुरेत. नंतर चार ओळींची आभाराची मेल कर. बाकरवडीचा पुडा पाठवू नकोस, आम्हाला तो घेता येत नाही.

ताई, आता तुमच्यासाठी थोडं. मेल स्पॅममध्येही बघत चला आणि दोन दिवसांत उत्तर जाऊ द्या, तेही लेकीने स्वतः लिहिलेलं. वेळ ठरवताना भारताची की अमेरिकेची ते स्पष्ट लिहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि नाशिक-न्यूयॉर्क अंतर साडेनऊवरून साडेदहा तासांचं होतं. या गोंधळात दरवर्षी कुणीतरी तासभर आधी येऊन बसतं. या मुलाखतीला फी नसते. कुणी पैसे मागितले तर कॉलेजच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला थेट कळवा.

खर्चाचे प्रश्न मात्र मुलाखतीत काढू नका, आम्हाला त्यातलं काही ठरवता येत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकी कॉलेजं परदेशी मुलांनाही ऐपत न बघता प्रवेश देतात आणि मग गरजेप्रमाणे मदत करतात. बहुतेक ठिकाणी मात्र मदत मागितली की प्रवेशाचं गणित बदलतं. लेकीच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या फायनान्शिअल एड ऑफिसला वेगळी मेल करा आणि उत्तर लेखी घ्या.