वाचकांचे प्रश्न : छितकुलला निवांत राहायचे आहे

प्रश्न : आम्ही दोघे, बारा वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या माझ्या सासूबाई दिवाळीच्या सुट्टीत हिमाचलला जाणार आहोत. हाताशी अकरा दिवस आहेत. सिमला, मनाली, स्पिती आणि शेवटचे दोन दिवस छितकुल गावात निवांत मुक्काम, असा बेत केला आहे. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण त्या रोज तासभर चालतात. हा बेत जमेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या पत्रातला मला सर्वांत आवडलेला शब्द ‘निवांत’ हा आहे, आणि नेमका तोच आपण उरलेल्या दोन दिवसांत कोंबला आहे. मनाली आणि स्पिती या वेळी सोडून द्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. मनालीहून स्पितीत उतरताना साडेचार हजार मीटर उंचीची कुंझुम खिंड ओलांडावी लागते आणि ती ऑक्टोबरअखेरीनंतर बर्फामुळे कधीही बंद होऊ शकते. शिवाय त्या घाटरस्त्यांवर तासाला पंचवीस किलोमीटर अंतर कापले तरी खूप झाले, म्हणजे आपल्या अकरा दिवसांतले बहुतेक दिवस गाडीतच जातील.

छितकुल हे किन्नौर जिल्ह्यात, बास्पा नदीच्या खोऱ्यातले शेवटचे गाव आहे. त्याची उंची सुमारे ३४५० मीटर आहे आणि बेताची सगळी आखणी या एका आकड्याभोवती करायला हवी. पहिली रात्र सिमल्याला (सुमारे २२०० मीटर) आणि दुसरी साधारण तितक्याच उंचीवरच्या सराहनला काढावी. तिथले भीमाकाली मंदिर लाकूड आणि दगड यांचे थर एकावर एक रचून बांधलेले आहे, ते सावकाश पाहावे. तिसऱ्या दिवशी सतलजच्या काठाने करछमपर्यंत जाऊन तिथून बास्पाच्या खोऱ्यात वळावे आणि सांगल्यात (सुमारे २७०० मीटर) एक नव्हे, दोन रात्री राहावे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असतो, आणि सांगला ते छितकुल ही चढण त्याहून मोठी आहे. म्हणून मधल्या दिवशी वाटेवरच्या रक्छम गावापर्यंत जाऊन यावे, दिवसा वर हिंडावे आणि झोपायला खाली सांगल्यात परतावे. पाचवी, सहावी आणि सातवी रात्र छितकुलची. आठव्या रात्री रामपूर, नवव्या दिवशी चंडीगड, आणि दहावा दिवस पूर्ण मोकळा. हा मोकळा दिवस वाया गेला असे कृपया समजू नका. या रस्त्यावर दरड कोसळली की वाहतूक काही तास किंवा दिवसभरही अडते, आणि विमानाचे तिकीट चुकण्याच्या भीतीने चालकाला रात्री गाडी हाकायला लावणे हा या प्रवासातला सर्वांत मोठा धोका आहे. जुलै २०२१ मध्ये याच खोऱ्यात बटसेरीजवळ डोंगरावरून कोसळलेल्या दगडांनी नऊ पर्यटकांचा बळी घेतला होता. त्यामुळे पावसाळ्यात तर मी कोणालाही तिकडे जा म्हणत नाही.

सासूबाईंना नेण्यास माझी मुळीच हरकत नाही, पण निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना गावाच्या उंचीचा आकडा सांगून सल्ला घ्यावा. उंचीच्या त्रासावर दिली जाणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी लघवीचे प्रमाण वाढवते, रक्तदाबाच्या काही गोळ्याही तेच करतात, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर ती विचारल्याशिवाय घेऊच नये. वर पोहोचल्यावर पहिल्या दिवशी जिने-चढ टाळावेत आणि पाणी पीत राहावे. डोके दुखून मळमळ सुरू झाली तर आणखी वर जाऊ नये. त्रास वाढत गेला, तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी दम लागला, तर सकाळची वाट न पाहता सांगल्याकडे उतरावे. मोठे सरकारी रुग्णालय रेकाँग पिओ या जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. या कारणासाठी छितकुलच्या तिन्ही दिवशी गाडी आणि चालक गावातच ठेवावेत, त्याचा जादा खर्च मनाला लावून घेऊ नये.

आता दिवाळीविषयी. दिवाळी कधी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येते, तर अधिक मासामुळे कधी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लांबते, आणि छितकुलसाठी हा फरक फार मोठा आहे. ऑक्टोबरमध्ये खोऱ्यात सफरचंदांची तोडणी चालू असते, आकाश निरभ्र असते. नोव्हेंबरच्या मध्याला रात्री पारा शून्याखाली जातो आणि अनेक होमस्टे बंद होऊ लागतात. मी एकदा अशाच दिवसांत तिथे राहिलो होतो. सकाळी नळ सोडला तर पाण्याचा थेंब नाही, पाइपातले पाणी गोठलेले. घरातल्या आजींनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेले. मधोमध पत्र्याची शेगडी पेटलेली होती, तिच्यावर पाण्याचे पातेले होते, आणि भोवती सगळे घर बसले होते. ओगल्याच्या (म्हणजे कुट्टूच्या) पिठाचे जाडसर धिरडे त्यांनी माझ्या ताटलीत टाकले आणि उन्हे अंगणात येईपर्यंत कोणी जागचे हलले नाही. मला ती सकाळ अतिशय प्रिय आहे, पण सासूबाईंना ती सोसेल का, हे आपणच ठरवायचे आहे. दिवाळी उशिरा असेल तर तिन्ही रात्री सांगला किंवा रक्छमला काढाव्यात आणि छितकुलला दिवसाच जाऊन यावे. शाळेची रजा काढता आली, तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा याहून कितीतरी बरा.

खोली ठरवताना खिडकीतून काय दिसते हे नंतर विचारावे. आधी रजया किती मिळतील, खोलीला लागून शौचालय आहे का आणि गरम पाणी बादलीने मिळते की गिझरने, हे फोन करून विचारून घ्यावे. पुरेशी रोकड सांगल्याच्या आधीच काढून ठेवावी आणि छितकुलला पोहोचल्याचा निरोप घरी लगेच जाईलच, असे धरून चालू नये.

प्रश्न : किन्नौरमधल्या गावांत मंदिरांत जाण्याविषयी आणि फोटो काढण्याविषयी काही नियम आहेत का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आहेत, आणि ते पाळायला अजिबात कठीण नाहीत. सांगल्याजवळच्या कामरू किल्ल्यात प्रवेश करताना डोक्यावर किन्नौरी टोपी आणि कमरेला ‘गाची’ हा पट्टा बांधावा लागतो. दोन्ही तिथेच दिले जातात. सराहनच्या मंदिरातही डोके झाकावे लागते, आणि चामड्याचा पट्टा व पाकीट बाहेर ठेवावे लागते. छितकुलच्या माथी देवीच्या मंदिरात मात्र अंगणात थांबून आधी गावकऱ्यांना विचारावे, कारण गाभाऱ्याकडे बाहेरच्यांनी गेलेले किंवा देवाच्या पालखीला हात लावलेला तिथे चालत नाही. फोटोचेही तसेच आहे. शेतात काम करणाऱ्या बायकांचा फोटो लांबून लेन्स लावून काढू नये. जवळ जाऊन दोन शब्द बोलावेत, मग विचारावे, आणि नकार आला तर कॅमेरा खाली ठेवावा.