घर कुंभारीत, कार्ड पेठेत

प्रश्न : अक्का, आम्ही सोलापुरात साखर पेठेत एका खोलीत भाड्यानं राहतो. मी विड्या वळते, नवरा यंत्रमागावर रात्रपाळीला, पोरगी अकरावीला. शहराबाहेर कुंभारीला कामगारांसाठी बांधलेल्या रे नगर वसाहतीत माझ्या नावावर घर निघालंय, वरच्या मजल्यावर. नवरा म्हणतो, इतक्या लांब कोण जाणार, भाड्यानं देऊन टाकू. सासूबाई तर पेठ सोडायचं नाव काढू देत नाहीत. काय करू?

उत्तर : जा. पण जायच्या आधी विडीच्या कार्डाचं बघ, कंपनी ज्यावर काम देते त्या.

मी कुंभारीचीच. गोदूताई परुळेकर वसाहतीत २००६ साली दहा हजार घरं झाली, त्यातलं एक माझं. एका घराला केंद्राचे वीस हजार, राज्याचे वीस हजार, आमचे वीस हजार. तेव्हाही पेठेतल्यांनी आम्हाला वेड्यात काढलं होतं. माळावर काय खाणार, म्हणायचे. आता त्यांच्याच सुना विचारायला येतात, घर आहे का हो एखादं.

तर कार्ड. तुझ्या कंपनीची ब्रँच, म्हणजे पान-तंबाखू देऊन विड्या घ्यायचं ठिकाण, वसाहतीत आहे का, तिथं कार्ड बदलून मिळतं का, हे आधी विचार. नाहीतर रोज टोपली घेऊन वडापच्या जीपनं अक्कलकोट रोड गाठायचा आणि तिथं विड्या तपासणाऱ्या चेकरनं छाट काढली, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला टाकल्या, की भाडंसुद्धा अंगावर. नव्या ब्रँचचा चेकर कसा आहे, हे शेजारणीला विचार, मॅनेजरला नको. कार्ड बदललंस तर पीएफचा जुना नंबरच पुढं चालू ठेवायला सांग. नवा काढून देतो म्हणाले तर सही करू नको.

वरच्या मजल्याचं मात्र मला खटकतं. आपला एप्रिल-मे तुला माहीत आहे. स्लॅब तापला की विडीचं पान सुकतं. रात्री भिजवून फडक्यात गुंडाळलेलं पान सकाळी कात्री लावेपर्यंत मऊ असतं, दुपारी दोनला वळायला घेतलं की कडेनं तडकतं. मग तंबाखू गळते आणि छाट वाढते. कंपनी पानं मोजूनमापून देते, तुटीची भरपाई आपल्याच खिशातून. उन्हाळ्यात पहाटे चारला बसायचं, सुपाखाली ओलं गोणपाट ठेवायचं. खालच्या मजल्यावरची कुणी दुपारी ओट्यावर बसू देत असेल तर तिच्याशी आधी मैत्री कर. पाणी भरून ठेवायची सवय तुला शहरानंच लावलीय, ते शिकवत नाही.

भाड्यानं द्यायचं म्हणतोय त्याला ताबा घेताना केलेल्या कागदावर काय लिहिलंय ते वाचायला लाव. आणि खरं सांगू? रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो आणि एका खोलीत त्याच्या उशाशी तू विड्या वळतेस. दोन दारं असलेलं घर मिळाल्यावर तोच पहिला खूश होईल. त्याची अडचण रात्रीच्या जाण्याची आहे. कुंभारीहून रात्रपाळीला जाणारे पुष्कळ आहेत, दोघांत एक गाडी करतात. तशी जोडी त्याला मिळवून दे.

पोरीला वसाहतीतल्या इतर पोरींबरोबर बसनं जाऊ दे. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती आहे, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो. तुझं ओळखपत्र आणि तिचं बँक खातं आधारला जोडलेलं हवं. पत्ता बदलायच्या धांदलीत हा अर्ज राहतो, म्हणून तो आधी.

सासूबाईंशी वाद घालू नको. त्यांना खोली नको असते, ओटा आणि गल्ली हवी असते. इथं त्यांच्यासारख्या तेलुगु बोलणाऱ्या म्हाताऱ्या प्रत्येक ओळीत आहेत, महिन्याभरात सासूबाईच तुला तुझ्याआधी सगळ्या बिल्डिंगची खबर सांगतील. फक्त नारळी पौर्णिमेला पेठेत पद्मशाली समाजाच्या मार्कंडेयाचा रथ निघतो त्या दिवशी त्यांना सकाळी पेठेत पोचवायचं आणि रात्री परत आणायचं, हे नवऱ्याकडून आत्ताच कबूल करून घे. रिक्षाचे पैसे त्याचे.