आदिवासी कलाकारांची कला विकताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आदिवासी चित्रकारांची चित्रं ऑनलाइन विकायचं ठरवलं आहे. नफ्यातला किती वाटा त्यांना द्यावा? मैत्रीण म्हणते, मुळात कमिशन घेणंच चूक आहे.

कमिशन जरूर घ्या. फोटो, पॅकिंग, कुरिअर, परत आलेला माल हे सगळं फुकट होत नाही. आणि फुकटात चालवलेलं दुकान लवकर बंद पडलं की पंचाईत चित्रकाराची होते. अनेक गॅलऱ्या चाळीस-पन्नास टक्के घेतात. मला खटकतो तो 'नफ्यातला वाटा'. त्यात आधी तुमचा खर्च वजा होणार, तो किती हे तुम्हीच सांगणार आणि उरेल त्यातून चित्रकाराला मिळणार. टक्केवारी विक्रीच्या किमतीवर ठरवा. ती किंमत चित्रकाराला विचारून ठरवा आणि नंतर सेल लावायचा झाला तरी पुन्हा विचारा.

माल रोखीने घ्यायचा की जांगड (म्हणजे विकल्यावर पैसे, नाही विकलं तर माल परत), हेही आधीच बोलून घ्या. जांगड घेतलात तर कलाकाराचा वाटा सहसा मोठा असतो, पण रंग-कागदाचे पैसे आणि महिन्याची मेहनत तुमच्या कपाटात अडकून पडते. ज्याला थांबणं परवडत नाही त्याच्यासाठी ही 'जास्त टक्केवारी' कागदावरच राहते. अशा वेळी काही रक्कम आगाऊ द्या. कागदावर एवढं तरी हवं : कोणतं चित्र, विक्रीची किंमत, तुमचे टक्के, विकल्यावर किती दिवसांत पैसे, खराब झालं तर भरपाई कोणाची, विकलं गेलं नाही तर परत पाठवण्याचा खर्च कोणाचा. कागद त्यांच्या भाषेत करा. वाचता येत नसेल तर त्यांच्या विश्वासातल्या माणसाकडून वाचून घेऊ द्या, तुमच्या माणसाकडून नको.

प्रश्न : मी पिशव्या आणि कपड्यांची डिझायनर आहे. पारंपरिक आकृत्या शेकडो वर्षांच्या असतात, त्यांचा कॉपीराइट कोणाकडेच नसतो. मग परवानगी कोणाची घ्यायची?

परंपरेतली आकृती कॉपीराइटमध्ये सहसा बसत नाही, इथवर बरोबर. पण तुम्ही ती परंपरेतून उचलत नाही, कोणाच्या तरी चित्रातून उचलता. ऑस्ट्रेलियाने 1966 मध्ये एक डॉलरची नवी नोट काढली तेव्हा तिच्यावर झाडाच्या सालीवरचं एक चित्र वापरलं. ते कोणा जुन्या, अनामिक कलाकाराचं असावं असं गृहीत धरलं गेलं. प्रत्यक्षात ते आदिवासी चित्रकार डेव्हिड मलंगी यांचं होतं आणि ते हयात होते. त्यांना मोबदला मिळाला तो नंतर.

1994 साली त्याच देशात गालिच्यांचा खटला गाजला. आदिवासी कलाकारांची चित्रं न विचारता व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर उतरवली होती. न्यायालयाने कॉपीराइटचा भंग तर मानलाच, शिवाय अशा वापराने कलाकारांना त्यांच्या समाजात जे सोसावं लागतं तेही भरपाईत धरलं. तो समाज विचारतो, ही आकृती बाहेर गेलीच कशी? चोरी दुसऱ्याने केली तरी जाब कलाकारालाच द्यावा लागतो. एवढं लक्षात आलं की 'परवानगी कशाला' हा प्रश्न उरत नाही.

चित्र विकत घेतलं म्हणून छापायचा हक्क मिळत नाही. भारतात कॉपीराइटचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. सगळे हक्क कायमचे मागण्याऐवजी अमुक आकृती, अमुक वस्तूंवर, अमुक काळासाठी असा परवाना घ्या आणि प्रत्येक नगामागे रॉयल्टी ठरवा.

आता अवघड भाग. काही आकृत्यांना परवानगी देण्याचा अधिकार एकट्या चित्रकाराकडे नसतो. मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या इथे 1971-72 मध्ये रंगवलेल्या काही फळ्या आजही सर्वांसमोर मांडल्या जात नाहीत, कारण त्यांत दीक्षा न घेतलेल्यांनी पाहू नये असं काही आहे. वारल्यांचा देवचौक हे लग्नविधीतलं चौकोनी रेखाटन आहे, त्यात पालघट देवी असते. तो पिशवीवर छापायचा की नाही हे त्या समाजातल्या जाणत्यांना विचारायचं असतं, त्यातही तो रेखाटणाऱ्या बायकांना. आणि उत्तर 'नाही' आलं तर मोबदला वाढवून पुन्हा विचारू नका.

प्रश्न : वस्तू खरंच आदिवासी कलाकाराची आहे हे घेणाऱ्याने कसं ओळखावं?

नाव विचारा. कोणी केली, कोणत्या समाजाची व्यक्ती, कुठली? विक्रेत्याला यातलं काहीच सांगता येत नसेल तर माझ्या लेखी उत्तर मिळालं. वर्णनात 'शैलीतील' किंवा 'प्रेरित' दिसलं की सावध व्हा.

काही देशांत कायदा मदतीला आहे. अमेरिकेत 1990 च्या कायद्यानुसार मूलनिवासी नसलेल्याचं काम मूलनिवासींचं म्हणून विकणं हा गुन्हा आहे. कॅनडात इन्युइट (तिथल्या उत्तरेकडच्या मूलनिवासी) कलाकृतींसाठी 1958 पासून इग्लूचं चित्र असलेला टॅग आहे, 2017 पासून त्याची व्यवस्था इन्युइट आर्ट फाउंडेशन पाहतं. ऑस्ट्रेलियात इंडोनेशियात बनवलेल्या हजारो वस्तू आदिवासी कलाकारांच्या असल्याचा आभास निर्माण करून विकणाऱ्या बिरुबी आर्ट या कंपनीला 2019 मध्ये 23 लाख डॉलरचा दंड झाला. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, पण ते 'वारली' या नावाचं रक्षण करतं. त्रिकोणी माणसं आणि तारपा नाचाचं वर्तुळ कोणीही काढून वेगळ्या नावाने विकलं तर मानांकनाचा फारसा उपयोग नाही. म्हणून पुन्हा तेच, कलाकाराचं नाव विचारा.

प्रश्न : वस्तूसोबत कलाकाराची गोष्ट दिली की विक्री वाढते. गरिबी, संघर्ष यावर लिहिलं तर चालेल?

त्यांनी स्वतः सांगितलं असेल आणि छापण्याआधी त्यांना वाचून दाखवलं असेल तर चालेल. पण दयेपोटी घेणारा एकदाच घेतो. चित्रात काय आहे, रंग कशाचा, कोणाकडून शिकले, हे लिहा.

प्रश्न : बऱ्याच वर्षांपूर्वी स्वस्तात घेतलेल्या चित्राला आता खूप किंमत येतेय. मी विकलं तर कलाकाराला काही देणं लागतो का?

ऑस्ट्रेलियातले आदिवासी चित्रकार क्लिफर्ड पॉसम जपालजारी यांचं 'वार्लुगुलाँग' हे चित्र 1977 मध्ये 1,200 ऑस्ट्रेलियन डॉलरला विकलं गेलं. 2007 मध्ये त्याला 24 लाख आले, तोवर चित्रकार जाऊन पाच वर्षं झाली होती. जून 2010 पासून ऑस्ट्रेलियात पुनर्विक्रीच्या किमतीतले पाच टक्के कलाकाराला आणि त्याच्या मृत्यूनंतर 70 वर्षं वारसांना मिळण्याची तरतूद आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यातही कलम 53अ आहे. मूळ चित्र 10 हजार रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. मागणारे क्वचितच, कारण विक्री झाल्याचं त्यांना कळतच नाही.

तेव्हा तुमच्यावर कोणी दावा लावेल या भीतीने विचारत असाल तर ती शक्यता कमी आहे. द्यावं का असं विचारत असाल तर हो, पाच ते दहा टक्के द्या. कलाकार हयात नसतील तर वारसांना द्या. आणि पैशांसोबत चित्र कितीला गेलं तो आकडाही कळवा. पुढचं चित्र विकताना त्यांना त्याचाच आधार घेता येईल.