रिळवाला सांगते : अनवाणी पोलीस आणि ज्येष्ठमधाचा बूट

(वाचकांच्या सिनेमाविषयीच्या प्रश्नांचं सदर. उत्तरं देणारे गृहस्थ यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, पुढे व्हीसीआर भाड्याने देत. आता कापूस-तुरीची शेती करतात. या वेळची पत्रं नाताळाच्या दिवसांत पुन्हा पुन्हा पाहिल्या जाणाऱ्या पिच्चरांवर आहेत.)

प्रश्न : दादा, आमचा संत्र्याचा बगीचा आहे. मुलगा पुण्याला कंपनीत. तिकडचे गोरे साहेब नाताळाच्या सुट्टीवर गेले की यालाही सुट्टी, म्हणून २३ डिसेंबरला घरी येतो. इकडे व्यापाऱ्याची माणसं तोड्याला आलेली, कॅरेट मोजायला घरचं माणूस पाहिजे, अन् हा गोधडी घेऊन टीव्हीसमोर. नवीन काही पाहत असता तर मी बोलले नसते. दरसाल तेच दोन इंग्रजी पिच्चर! एकात उंच बिल्डिंगमध्ये अनवाणी पळणारा पोलीस, दुसऱ्यात घरी एकटं राहिलेलं पोट्टं. शेवट तोंडपाठ, तरी पाहतो. यात त्याला मिळते तरी काय?
– एक आई, वरुड तालुका

उत्तर : ताई, पोराला काही झालेलं नाही. माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

टॉकीजची नोकरी सुटल्यावर मी एक व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही घेतला. बंडीत कडब्यावर गोधडी अंथरायची, त्यावर टीव्ही बसवायचा, चारी बाजूंनी दोऱ्या, अन् गावोगाव निघायचं. डिसेंबर-जानेवारी हा माझा खरा सीझन. कापसाचा चुकारा लोकांच्या हातात आलेला असे, पोट्टे वर्गणी काढत, एका रात्रीत तीन पिच्चर ठरत. पहिला कोरा नवीन. दुसरा देवाचा नाहीतर बायकांना रडवणारा. तिसरा मात्र गाव नेहमी पाहिलेलाच मागे. एका वर्षी मी शहाणपणा केला आणि तिसराही नवीन लावला. रात्रीचे दोन वाजले असतील. शेकोटीजवळचा एक म्हातारा उठला अन् माझ्यावरच आला, "काहून बे, याच्यात कोन कोनाचा कोन हाये हे आमी आता कव्हा समजून घ्याव? शोले लाव अन् निजू दे."

धंदा मला त्या म्हाताऱ्याने शिकवला. नवा पिच्चर जागून पाहावा लागतो, नाहीतर धागा सुटतो. पाहिलेल्या पिच्चरमध्ये मात्र झोपता येतं. डोळा लागला, उघडला, गब्बर आला का? आला. मग ठीक. तुमचा मुलगा वर्षभर दुसऱ्याच्या घड्याळावर काम करतो. आठ दिवस त्याला असं काही पाहिजे की ज्यात पुढं काय होईल याची काळजी नाही. तो पिच्चर पाहत नाही ताई, तो निजला आहे, डोळे उघडे ठेवून.

दुसरी गोष्ट कॅसेटची. कोणती कॅसेट कुठे झिजली यावरून लोकांचा जीव कशात आहे ते मला कळे. आवडीच्या जागी लोक 'पॉज' करायला लावत. फीत जागेवर थांबे, पण फीत वाचणारा आतला हेडचा डबा मिनिटाला १५०० फेरे घेत तेवढ्याच तुकड्यावर घासत राही. महिन्याभरात त्या जागी पांढऱ्या रेघा. मला वाटलं होतं, 'शोले'ची कॅसेट मारामारीवर जाईल. गेली कुठे? जय मौसीकडे वीरूचं स्थळ घेऊन जातो तिथे. दोन कॅसेटी त्याच जागेवर गेल्या. माणूस मारधाडीचा पिच्चर मागतो आणि थांबतो भलतीकडेच. तुमचा मुलगा कुठे थांबतो, जरा नजर ठेवा. त्यावरून त्याचं बरंच काही कळेल, जे तो फोनवर सांगत नसेल.

उपाय विचाराल तर सकाळी आठ ते बारा त्याला कॅरेटवर उभा करा, बिनधास्त. संध्याकाळी मात्र एकदा त्याच्याशेजारी बसा अन् म्हणा, मला सांगत जा काय चाललं ते. 'डाय हार्ड'मधला तो पोलीस अनवाणी का, ते तुम्हाला आवडेल. विमानात शेजारच्या माणसाने त्याला सांगितलेलं असतं की प्रवासाचा शीण घालवायचा तर बूट-मोजे काढ अन् पायाची बोटं गालिच्यात आवळ. तो तेच करत असतो, तेवढ्यात बंदूकवाले आत शिरतात. पुढे त्याला फुटक्या काचांवरून जावं लागतं. पऱ्हाटीच्या खुंटांतून जो एकदा अनवाणी चालला आहे त्याला इंग्रजी यायची गरज नाही. आणि 'होम अलोन'मधल्या त्या एकट्या पोट्ट्याचं म्हणाल, तर ते चोरांसाठी घरभर जे लावून ठेवतं, ते आपण रानडुकरांसाठी वावराभोवती जुनी लुगडी बांधतो त्याच जातीचं काम आहे. फक्त त्याचं लागू पडतं, आपलं पडत नाही.

प्रश्न : काका, शेकोटीवर वाद झाला अन् शर्त लागली आहे. 'डाय हार्ड' हा नाताळाचा पिच्चर आहे की साधा फायटिंगचा? हारणाऱ्याने गावरान कोंबडा आणायचा. निकाल तुम्ही द्यायचा.
– चार दोस्त, पांढरकवड्याजवळून

उत्तर : पोट्टेहो, हा वाद तुमच्या शेकोटीपेक्षा बराच जुना आहे, आणि प्रत्यक्ष तो पिच्चर करणाऱ्यांतही मिटलेला नाही. त्याचा हीरो ब्रूस विलिस याने २०१८ साली स्टेजवरून जाहीर सांगितलं की हा नाताळाचा पिच्चर नाही. लिहिणाऱ्यांपैकी एक, स्टीव्हन डिसूझा, म्हणतो की आहे. आता बोला.

'नाही' म्हणणाऱ्याच्या बाजूने आधी बोलतो. पिच्चर अमेरिकेत लागला जुलै १९८८ मध्ये, म्हणजे आपल्याकडे डवरणी चालू असते तेव्हा. नाताळाचा माल कोणी जुलैत विकायला काढतो का? शिवाय गाव लॉस एंजेलिस, तिथे बर्फ नाही, थंडी नाही.

यावर मी लावतो ती कसोटी 'शोले'ची. त्यात होळी आहे ना? गब्बर होळीची तारीख विचारतो, होळीच्या दिवशी गावावर तुटून पडतो, रंग उधळलेला असताना गोळ्या सुटतात. तरी 'शोले'ला कोणी होळीचा पिच्चर म्हणत नाही. काहून? होळी काढून पोळा टाका, काही बिघडत नाही. गब्बर पोळ्यालाही आला असता, बैलांचे झूल फाडले असते. आता 'डाय हार्ड'मधून नाताळ काढून पाहा. नाताळ आहे म्हणून तो पोलीस न्यूयॉर्कहून रुसलेल्या बायकोकडे विमानाने येतो. नाताळ आहे म्हणून तिच्या ऑफिसात रात्री पार्टी आहे, अन् चाळीसेक मजल्यांची बाकी बिल्डिंग रिकामी आहे. म्हणून तर चोरांनी ती रात्र निवडली. सण काढला की पिच्चर उभाच राहत नाही. तेव्हा निकाल असा की पिच्चर नाताळाचा. 'नाही' म्हणणाऱ्याने कोंबडा आणावा, अन् रस्सा पातळ करू नये.

बर्फाचंही सांगतो. शेवटी त्या बिल्डिंगमधून फाटके-जळके कागद भुरभुर खाली येत राहतात, ते पाहा. दिग्दर्शकाच्या मनात काय होतं मला माहीत नाही, पण मला दरवेळी जिनिंगच्या आवारातला डिसेंबर आठवतो. हवेत रुई उडते, अन् बंड्या ज्या रस्त्याने गेल्या त्या रस्त्याच्या बाभळी पांढऱ्या होतात. आपल्याकडेही बर्फ पडतो, फक्त तो क्विंटलने विकता येतो.

आणखी एक, पुढच्या वेळी पाहताना. खलनायक ॲलन रिकमन याचा हा पहिलाच सिनेमा. शेवटी तो उंचावरून पडतो, त्या वेळचा त्याचा चेहरा नीट बघा. तीन म्हटल्यावर सोडू असं त्याला सांगितलं होतं, अन् सोडलं एक म्हणताच. ती भीती नाटकी नाही. पहिल्या वेळेला हे कोणाच्या लक्षात येत नाही, आपण हीरोकडे पाहत असतो.

खरं विचाराल तर कोणता पिच्चर सणाचा, हे बहुतेक वेळा दाखवणारा ठरवतो. फ्रँक काप्राचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' १९४६चा. तेव्हा तो तोट्यात गेला. पुढे १९७४ साली त्याचा कॉपीराइट वाढवून घ्यायचं राहून गेलं, टीव्हीवाल्यांना तो जवळपास फुकटात मिळाला, अन् दर डिसेंबरला ते तो लावत सुटले. लावून लावून तो अमेरिकेत घरोघरचा नाताळ झाला. आपल्याकडे १९९९च्या 'सूर्यवंशम'चं काय झालं? थिएटरात थंड, अन् टीव्हीने तो इतका दाखवला की हीरा ठाकूरची खीर आता आपल्या घरचीच वाटते. एखाद्या चॅनेलने तो फक्त पोळ्यालाच लावला असता, तर आज तुम्ही पोळ्याचा पिच्चर म्हणून भांडत असता.

प्रश्न : 'होम अलोन'मधलं पोरगं टीव्हीवर एक काळापांढरा गुंडांचा पिच्चर लावून लोकांना घाबरवतं. तो पिच्चर कुठेच सापडत नाही. नाव काय?
– दिग्रस

उत्तर : सापडणार नाही, कारण असा पिच्चर नाहीच. १९९०च्या त्या सिनेमासाठी तेवढाच तुकडा मुद्दाम शूट केला होता. त्याला नाव दिलं 'एंजल्स विथ फिल्दी सोल्स', १९३८च्या 'एंजल्स विथ डर्टी फेसेस'वरून. तुमच्यासारखे पुष्कळ फसले आहेत, अमेरिकेतलेसुद्धा.

प्रश्न : आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत रोज रात्री कुठे ना कुठे नाटक असते. जुना पिच्चर पुन्हा पाहण्यात वेळ घालवायचाच कशाला?
– वडसा

उत्तर : तुमच्याकडे नाही घालवायचा. मंडईच्या रात्री समोर जिवंत माणूस गातो आहे अन् तुम्ही मोबाईल उघडून बसलात, तर मीच तो विहिरीत टाकीन. तरी एक विचारतो. गावोगाव फिरून तेच नाटक दुसऱ्यांदा पाहणारे तुमच्याकडे किती आहेत, ते मोजा अन् मला कळवा.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. २५ डिसेंबरच्या रात्री शाळेच्या पटांगणात मुलांना एखादा पिच्चर दाखवावा असं मनात आहे. प्रोजेक्टर मिळतो. मुलांनी बर्फ कधी पाहिलेला नाही, तेव्हा बर्फ असलेला, मारधाड फार नसलेला सांगा. इंग्रजी कोणाला येत नाही.
– आर्वी तालुका

उत्तर : गुरुजी, नमस्कार. आधी अडचणी, मग पिच्चर.

२५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिन असतो. १९२७ साली याच तारखेला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली दहन झालं. तुमच्या गावात संध्याकाळी त्याचा कार्यक्रम असेल. तेव्हा त्यांना आधी विचारा, अन् पिच्चर त्यानंतर ठेवा, म्हणजे सतरंज्या अन् माणसं दोन्ही तयार मिळतील.

लाईनमनला भेटून या. ओलिताची लाईन त्या आठवड्यात रात्रीची असेल तर सारे बाप गव्हाला अन् हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात असणार, अन् मुलं एकटी येणार. दिवसाची लाईन असलेला आठवडा मिळाला तर तारीख दोन-चार दिवस सरकवायला काय हरकत आहे? नाताळ रुसत नाही.

पडद्याला पांढरी चादर चालते, पण तिच्या मागे काळं कापड शिवा, नाहीतर अर्धा उजेड पलीकडे निघून जातो. खालच्या कडेत बांबू घाला, वारं सुटलं की हीरोचं तोंड वाकडं होतं. अन् प्रोजेक्टरवर छत्री धरा. आठ-नऊनंतर दव पडायला लागतं, काच धुरकटते.

आता हक्काचं. मोबाईलवर आपण जे पैसे भरून पाहतो ते घरच्यापुरतं असतं. पटांगणात दाखवायला मालकाची परवानगी लागते. आपल्या कायद्यात सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो. म्हणून मी तुम्हाला १९२५चा एक सांगतो, त्याचा पल्ला कधीच सरला. चार्ली चॅप्लिनचा 'द गोल्ड रश', मूळ मुका. भाषेचा प्रश्नच नाही. मधे पाट्या येतात, त्या तुम्ही वाचून मराठीत सांगा, आयुष्यभर तेच तर केलं आहे. यात सोनं शोधायला निघालेली माणसं आहेत, वादळ आहे, कड्याच्या टोकावर डुगडुगणारी आख्खी झोपडी आहे. फायटिंगवाल्या पोट्ट्यांनाही तो प्रसंग पुरून उरेल. अन् तीस-एकतीस डिसेंबरच्या हवेला साजेशी वर्षअखेरची एक रात्रही आहे: चार्ली जेवण मांडून पाहुण्यांची वाट बघतो, अन् कोणी येत नाही. तिथे पटांगण गप्प होईल, होऊ द्या. बर्फ म्हणाल तर जिथवर नजर जाते तिथवर बर्फ. त्यातला बराचसा स्टुडिओत मीठ-मैद्याचा केलेला, पण हे मुलांना नंतर सांगा.

या पिच्चरला पुढे जे संगीत जोडलं गेलं त्याचे हक्क वेगळे असू शकतात, म्हणून आवाज बंद ठेवा अन् भजनी मंडळाला बसवा. पेटी, ढोलकी, झांजा. जुन्या मुक्या पिच्चरला वाजवणारे थिएटरातच बसत असत, त्यामुळे यात काही वावगं नाही. फक्त ढोलकीवाल्याला आदल्या दिवशी एकदा पिच्चर दाखवून ठेवा. तो पहिल्यांदाच पाहत असेल तर हसत बसेल अन् हात थांबतील.

चॅप्लिन भुकेने बूट शिजवून खातो, खिळे चोखतो, नाडी शेवयांसारखी गुंडाळतो. मुलं हमखास विचारतील, खरा बूट होता का? तो ज्येष्ठमधाचा केलेला होता. तुमच्याकडे खोकल्यासाठी घरोघर ज्येष्ठमधाची काडी असतेच. चार-सहा काड्या खिशात घेऊन जा, अन् पिच्चर संपल्यावर वाटा.