येशू अर्धा देव आणि अर्धा माणूस होता का?

नाही, ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, दोन्ही एकाच वेळी आहे. आधार योहानाच्या शुभवर्तमानाचा (१:१४): ‘शब्द देही झाला’ (इथे ‘शब्द’ म्हणजे येशू). पुढे इ.स. ४५१ मध्ये खाल्सेदोन इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने हेच नेमक्या शब्दांत मांडलं. म्हणून नाताळात गव्हाणीतलं बाळ इतकं महत्त्वाचं. देवाने माणसाचं नुसतं सोंग घेतलं नाही. त्याला बाळंत्यात गुंडाळावं लागलं, पुढे भूक लागली, थकवा आला, मित्र लाजरसाच्या कबरीपाशी तो रडला. माझ्या मते सणाचा गाभा हाच, तारीख नव्हे. २५ डिसेंबर बायबलमध्ये कुठेच नाही. एक मात्र लक्षात घ्या: कॉप्टिक, आर्मेनियन अशा काही प्राचीन चर्चेसना परिषदेची ‘दोन स्वभाव’ (एक देवाचा, एक माणसाचा) ही शब्दयोजना मान्य नाही. येशूचं देवपण आणि माणूसपण पूर्ण आहे, हे मात्र तीही मानतात.